अंडरग्राउंड केबलच्या कामावर हेल्मेट-बूट मिळत असतील तर काम सुरक्षित समजावं का?

तुम्ही लिहिलंय की धाकटा भाऊ जालन्याहून मुंबईत येऊन केबलच्या ठेकेदाराकडे लागतोय, हेल्मेट, बूट, जाकीट सगळं मिळतं, तर काळजीचं कारण नाही ना? आणि शॉक लागू नये म्हणून त्याने काय करावं? मी जॉइंटर होतो, म्हणजे केबलचे जोड करणारा, आता निवृत्त आहे. हेल्मेटचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं, म्हणून लिहायला बसलो.

हेल्मेट घालावंच. पण पहार ११ केव्हीच्या, म्हणजे अकरा हजार व्होल्टच्या, चालू केबलमध्ये घुसली की जो जाळ उठतो, त्याला हेल्मेटचं काही पडलेलं नसतं. तिथे एकच गोष्ट कामाची: खाली काय आहे ते खात्रीने कळेपर्यंत काम थांबवायची मुभा. ती साइटवर मिळते का, हे भावाला बघायला सांगा.

आमचं एक रात्रीचं काम होतं पूर्व उपनगरात, खाडीकडच्या एका रस्त्यावर. जुनी केबल कापून मधे नवा तुकडा घालायचा, दोन टोकांना दोन जॉइंट. खड्ड्यात तीन केबली शेजारी शेजारी, तिन्ही सारख्याच जाडीच्या, तिन्ही चिखलाने माखलेल्या. भरतीचं पाणी झिरपत होतं, पंप चालू. परमिट हातात होतं, म्हणजे फीडर (सबस्टेशनमधून निघणारी ती लाइन) बंद केल्याचा कागद. ठेकेदाराचा इंजिनिअर वर उभा राहून म्हणाला, "मधली काप." मी म्हटलं, "मधलीच कशावरून?" तर म्हणे ड्रॉइंगमध्ये मधली आहे.

मुंबईच्या फुटपाथखालचं ड्रॉइंग! ते काढल्यानंतर पाणीवाले, गटारवाले, टेलिफोनवाले, गॅसवाले सगळे येऊन गेलेले असतात, आणि जाताना आपली लाइन बसावी म्हणून दुसऱ्याची केबल बाजूला सरकवतात. परमिट एवढंच सांगतं की अमुक फीडर बंद आहे. समोरच्या तिन्हींतली कुठली त्याची, हे परमिटवर लिहिलेलं नसतं.

तेवढ्यात आमच्या हेल्परने खिशातला टेस्टर काढून केबलला टेकवला. "दादा, डेड आहे." पोरगा कामाचा होता, पण हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. ११ केव्हीच्या केबलमध्ये इन्सुलेशनवर धातूचा स्क्रीन असतो, त्याच्यावर आर्मर म्हणजे लोखंडी तारांचं चिलखत, आणि दोन्ही अर्थ केलेले, म्हणजे जमिनीला जोडलेले. बाहेरून टेस्टर लावलात तर चालू केबल आणि बंद केबल अगदी सारखीच. क्लॅम्प मीटर लावलात तरी तेच, कारण तीन कोअर (आतल्या तीन तारा) एकत्र पकडले की तिन्ही फेजचे करंट एकमेकांना खोडतात आणि काटा शून्याजवळच राहतो. खरी रीत अशी: सबस्टेशनमधून त्या केबलवर सिग्नल सोडायचा आणि खड्ड्यात रिसीव्हरने ती ओळखायची. मग कापण्याआधी स्पाइक करायची. केबलवर गन बसवायची, सगळ्यांनी वर येऊन लांब उभं राहायचं आणि तिथून दोरी ओढून उडवायची. टोकदार लोखंड कोअरपर्यंत आत जातं. चुकून चालू असली तर तिकडे ब्रेकर पडतो आणि इकडे माणूस राहतो.

त्या रात्री सिग्नलचा सेट नव्हता आणि गन दुसऱ्या साइटवर होती. मी म्हटलं, आणा, तोवर करवत लावणार नाही. इंजिनिअर ओरडला, फोनवर फोन झाले, मुकादम मला बाजूला घेऊन समजावायला लागला. मी खड्ड्याच्या कडेला बसून राहिलो. पहाटे दोन्ही वस्तू आल्या. ओळख पटवली, स्पाइक केली. मधलीच होती आणि बंदच होती.

रस्ता सकाळी उशिरा खुला झाला, ठेकेदाराला दंड बसला, आणि पुढच्या कामाला मला बोलावलं नाही. माझे साडू तेव्हा त्याच ठेकेदाराकडे बिलिंग बघायचे. तेव्हापासून गणपतीत पानं वाढली की यांचं सुरू: "आमचे साडूभाऊ मेलेल्या केबलला घाबरले होते बरं का!" सगळे हसतात. अहो, ती मेलेली आहे हे कापण्याआधी कळलं, एवढ्यासाठीच तर तो खटाटोप होता. दंडाचा आकडा साडूंना अजून पैशासकट पाठ आहे. त्या रात्री खाली करवत धरून उभ्या असलेल्या हेल्परचं नाव विचारा, आठवणार नाही.

असो. तुमचा भाऊ नवा, म्हणजे पहार-फावड्यावरच असेल. त्याला आधी मातीची भीती सांगा. ११ केव्हीची केबल ०.९ मीटरवर टाकतात, ३३ केव्हीची १.०५ मीटरवर, तिथवर फारसं काही होत नाही. पण नाल्याखालून किंवा दुसऱ्याच्या लाइनखालून जाताना खड्डा खोल जातो. दीड मीटरच्या खाली गेलं की बाजूंना फळ्या आणि टेकू द्यायचे, असा नियम आहे. भरावाची जमीन, खालून पाणी, वर बसेसचा हादरा आणि काढलेल्या मातीचा ढीग अगदी कडेला, असं दिसलं तर आत उतरू नये. घनमीटरभर ओली माती दीड टनाच्या वर भरते. छातीपर्यंत जरी आली तरी श्वास घेता येत नाही.

आणि शॉक म्हणाल तर ११ केव्हीच्या आधी पाणी उपसायच्या पंपाची वायर बघायला सांगा. जवळच्या दुकानातून ओढलेली, जोडावर नुसती टेप मारलेली, तीच पाण्यात पडलेली. ३० मिलिअँपची ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, नसेल तर पंप चालू असताना पाण्यात पाय घालू नये. पायाला जखम असेल तर पावसाळ्यातल्या दुरुस्तीच्या कामाला गमबूट हवेतच, लेप्टो (साचलेल्या घाण पाण्यातून होणारा ताप) इथे दरवर्षी असतो. जॉइंटला लागणारा गॅस सिलिंडर खड्ड्याच्या वर ठेवायचा, कारण तो गॅस हवेपेक्षा जड असतो, तळाशी साचतो.

सगळे ठेकेदार असे नसतात, हेही सांगतो. हल्ली बऱ्याच मोठ्या कामांवर सेफ्टी ऑफिसर असतो, सकाळी सगळ्यांना उभं करून सूचना देतात. शिवाय ११०-२२० केव्हीच्या सिंगल कोअर केबलवर मी हात घातलेला नाही, तिथलं तिथल्या जॉइंटरला विचारा.

एक राहिलं. हजेरी कार्डाचा आणि साइटवरच्या कामाच्या बोर्डाचा फोटो काढून भावाला घरी पाठवायला सांगा. अपघात झाला की हा आमचा माणूसच नाही असं म्हणणारे भेटतात. ठेकेदाराच्या कामगाराच्या भरपाईसाठी काम देणाऱ्या मूळ कंपनीलाही धरता येतं, हे १९२३च्या भरपाई कायद्यापासून चालत आलंय. बिलिंगवाल्यांना ते चांगलं ठाऊक असतं. आमच्या साडूंना विचारा हवं तर.