सर्व्हर रूम बंद झाली, आता मुलीनं काय शिकावं?

तासगावहून एका वडिलांनी लिहिलंय : "अठरा वर्षं एका पतसंस्थेचा कॉम्प्युटर विभाग सांभाळला. यंदा सगळा डेटा क्लाउडवर गेला, सर्व्हर रूमचा एसीसुद्धा काढून नेला. मुलगी बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिला आयटी मॅनेजमेंटमध्ये जायचंय. माझ्यासारखंच तिचं होणार असेल तर आत्ताच अडवू का?"

नमस्कार. अडवू नका. एसीची ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. तुमची काळजी खरी आहे, म्हणून स्पष्टच लिहितो.

सर्व्हर विकत घेणं, डिस्क बदलणं, रात्री यूपीएससाठी धावणं ही कामं कमी होत चाललीत. त्यांच्या भरवशावर मुलीनं राहू नये. पण जबाबदारी कुठं गेली? क्लाउड कंपन्या, म्हणजे इंटरनेटवरून सर्व्हर भाड्यानं देणाऱ्या कंपन्या, स्वतःच सांगतात की इमारत, वीज, यंत्रं आमची. डेटा आणि तो कुणी बघायचा, हे ग्राहकाचं. कारकून नोकरी सोडून गेला आणि त्याचं लॉगिन चालूच राहिलं, तर ते निस्तरायला पतसंस्थेचाच माणूस लागतो.

आणि बिल! पूर्वी सर्व्हर एकदा घेतला की चार-पाच वर्षं तो विषय मिटायचा. आता विजेसारखं मीटर पळतं. आठवड्याचे तास १६८, ऑफिस चालतं रोज ९ तास, सहा दिवस, म्हणजे ५४ तास. निव्वळ चाचणीसाठी घेतलेला सर्व्हर उरलेल्या वेळी बंद ठेवला, तर तासावर लागणारं भाडं एक तृतीयांशावर येतं. डिस्कचं भाडं तेवढं चालू राहतं. या हिशेबाच्या कामाला फिनऑप्स म्हणतात. मुलीचं गणित बरं असेल तर तिनं इकडे जरूर बघावं.

२०१९ चा ऑगस्ट तुम्ही विसरला नसाल. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. सर्व्हर आणि बॅकअप एकाच तळमजल्यावर असले की काय होतं, हे सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. क्लाउडवर गेलं म्हणून दुसऱ्या शहरात प्रत आपोआप तयार होतेच असं नाही. ॲमेझॉनची क्लाउड केंद्रं मुंबईत २०१६ पासून आणि हैदराबादला २०२२ पासून आहेत. मुंबईतल्या डेटाची प्रत हैदराबादला ठेवायची का, तिचा खर्च किती, ती परत उघडते का, हे कुणीतरी ठरवून तपासायला लागतं. हेच आजचं आयटी मॅनेजमेंट.

म्हणून आधी लिनक्स (सर्व्हरवर चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम), नेटवर्किंग आणि एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) पक्कं करू दे. मग ॲमेझॉन किंवा मायक्रोसॉफ्ट, दोन्हीपैकी एकच धरावं. सुरुवातीचं प्रमाणपत्र जरूर घ्यावं, पण मुलाखतीत विचारतात ते "स्वतः काय उभं केलंस?" हेच. "शंभर टक्के नोकरी"वाल्या क्लासला हजारो रुपये भरू नका. सरावाचं खातं उघडलं की पहिल्याच दिवशी बजेट अलर्ट, म्हणजे बिल ठरल्या रकमेपुढे गेलं की येणारी सूचना, लावायला सांगा, कार्ड तुमचं असणार.

घरात जुना डेस्कटॉप असेल तर तो भंगारात देऊ नका. त्यावर लिनक्स टाका आणि रविवारी मुलीच्या शेजारी बसून तिला आयपी ॲड्रेस, सबनेट (नेटवर्कचे छोटे भाग), परवानग्या आणि बॅकअप परत उघडून बघणं शिकवा. अठरा वर्षं तुम्ही हेच केलंय, आणि क्लाउडवरही तिला हेच रोज लागणार आहे.