प्रयोगशाळेत कूर्चा वाढवताना पेशींना आधार कशाचा देतात?

म्हापशाहून विचारलंय: आईच्या गुडघ्यातली कूर्चा (सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत, लवचीक आवरण) झिजली आहे, ती प्रयोगशाळेत वाढवतात तेव्हा पेशी नेमक्या कशावर वाढतात?

कूर्चेच्या पेशी सपाट बशीत वाढवल्या की त्या पसरतात आणि आपला स्वभावच विसरतात. कूर्चेतलं टाइप-२ कोलॅजन (ऊतीला बळकटी देणारं तंतुमय प्रथिन) सोडून टाइप-१ बनवू लागतात, म्हणजे कूर्चेऐवजी व्रणासारखी तंतुमय ऊती. म्हणून चहूबाजूंनी वेढणारा, पाणी धरून ठेवणारा साचा लागतो. ॲगारोज या समुद्रशैवालातून मिळणाऱ्या पदार्थाच्या जेलमध्ये ठेवल्यावर अशा पेशी पुन्हा मूळ काम करू लागतात, हे १९८२ साली दाखवलं गेलं.

अशा जेलांपैकी मला स्वतःला अल्जिनेट फार आवडतं. ते तपकिरी समुद्रशैवालापासून मिळतं. आपल्या हणजुणेच्या खडकांवरचं सरगॅसम त्यातलंच. पेशी मिसळलेलं पातळ अल्जिनेट सुईतून थेंब थेंब कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात सोडलं की बघता बघता भिजल्या साबुदाण्यासारखे मणी होतात, आत पेशी जिवंत! कायटोसान हे दुसरं जेल तर सुंगटांच्या (कोळंबीच्या) सालींपासूनही होतं. पण ही जेलं मऊ, गुडघ्याचा भार पेलत नाहीत. मग पीसीएल, पीएलजीए अशी शरीरात हळूहळू विरणारी, प्लास्टिकसारखी पॉलिमर सांगाड्यासाठी जोडतात.

आईंसाठी मात्र एक सांगतो. अमेरिकेत २०१६ साली मान्यता मिळालेल्या पद्धतीत डुकराच्या कोलॅजनच्या पडद्यावर रुग्णाच्याच पेशी वाढवून बसवतात, पण ती ठरावीक जागच्या इजेसाठी आहे. सगळा सांधाच झिजला असेल तर तिचा उपयोग नाही. झीज किती पसरली आहे, हे अस्थिरोगतज्ज्ञांना आधी विचारा.