पहिल्या विमानप्रवासाआधी एवढेच करा

दिल्लीचे तिकीट काढल्यापासून विमानाच्या भीतीने आपली झोप उडाली आहे, हे आपल्या पत्रात वाचले आणि मला माझी सुरुवातीची वर्षे आठवली. पुण्याहून दोन-सव्वादोन तासांत पोहोचण्याऐवजी मी दरवेळी रेल्वेत अख्खा दिवस घालवत असे, आणि टाळलेल्या प्रत्येक प्रवासागणिक भीती अधिकच घट्ट होत गेली. नवख्याची सर्वांत मोठी चूक हीच असते, म्हणून तिकीट रद्द करू नका.

प्रवासाआधी एकदा कोणाला तरी सोडायला लोहगावला, म्हणजे पुण्याच्या विमानतळावर, जाऊन या आणि तेथे थोडा वेळ थांबा. जागा शक्यतो पंखांजवळची घ्या, कारण तेथे हादरे कमी जाणवतात. उड्डाणानंतर चाके आत जाताना पायाखाली धप्प असा आवाज होतो आणि थोड्याच वेळात इंजिनांचा जोर कमी केला जातो, तेव्हा विमान खाली चालल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात ते वर चढतच असते. छाती धडधडू लागली, तर श्वास घेण्यापेक्षा सोडायला अधिक वेळ द्या; ही लाट सहसा काही मिनिटांत ओसरते. धीर यावा म्हणून मद्य किंवा दुसऱ्याची गोळी मात्र घेऊ नका.

आपल्या बहिणीला इंजेक्शनच्या सुईची भीती वाटते असेही आपण लिहिले आहे; त्या भीतीसाठीचे तंत्र वेगळे आहे. तिला रक्तदाब उतरून चक्कर येत असेल, तर अंग सैल सोडण्याऐवजी हातापायांचे स्नायू आवळायला सांगा.

भीतीमुळे रोजची कामे अडत असतील, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर निःसंकोच बोला. ती सेवा विनामूल्य असून मराठीतही मिळते.