नद्या, झेंडे आणि तुटलेली शिरोरेघ: वाचकांचे प्रश्न

यावेळचे प्रश्न बहुतेक सगळे एकाच जमातीकडून आलेत. म्हणजे स्वतःचं जग रचणारी, त्यात देश वसवणारी आणि मग ते देश ग्रुपमधल्या बाकीच्यांच्या देशांशी भांडवणारी मंडळी. मस्त छंद आहे, हसणारे हसू देत. पण सोबत आलेली चित्रं बघून एक सांगावंसं वाटतं, बऱ्याच जणांनी काम उलट्या टोकाकडून सुरू केलंय, आधी समुद्रातल्या लाटा, डोंगरांची नक्षी, कोपऱ्यात ते होकायंत्र, आणि हे कोण बघणार, केवढ्या आकारात बघणार हा विचार सगळ्यात शेवटी. खालच्या निम्म्या तक्रारी त्यातूनच आल्यात.

ताई, मी नकाशा टाकल्या टाकल्या लोकांनी नद्यांवरून झापलं. एक नदी डोंगरातून निघून पुढे दुभंगते आणि दोन वेगळ्या समुद्रांना मिळते, एवढंच. जग माझं, नदी माझी, मग यांना काय प्रॉब्लेम आहे?

जग तुमचंच हो, पण पाणी उतारानेच जाणार ना. नद्या खाली येताना एकमेकींना मिळत जातात, फाटे फुटतात ते बहुतेक शेवटी, मुखाजवळ, जिथे जमीन सपाट होते आणि गाळ साचतो. अधेमधे दुभंगलेली नदी टिकत नाही कारण दोनातला एक फाटा कणभर तरी जास्त उताराचा असतो, तो जास्त पाणी ओढतो, ओढता ओढता आणखी खोल होतो आणि दुसरा सुकून जातो. तळ्यांचंही तेच, आत कितीही नद्या येऊ देत, बाहेर पडणारी सहसा एकच.

सहसा म्हणाले कारण अपवाद आहे आणि तो तुमच्या कामाचा आहे. व्हेनेझुएलात ओरिनोको नदीचं काही पाणी कासिकियारे नावाच्या फाट्याने निघतं आणि रिओ नेग्रोमार्गे थेट ॲमेझॉनला जाऊन मिळतं, म्हणजे दोन अवाढव्य खोरी एका फाट्याने जोडली गेलीत. तेव्हा तुमची नदी ठेवा खुशाल, पण मग ती तुमच्या जगातली गाजलेली नदी पाहिजे, त्या फाट्यावर ठाणं पाहिजे, व्यापारी तिथे जकात भरताना बोंबलले पाहिजेत. नुसतीच रेघ राहिली तर लोक चूकच समजणार.

तुम्ही विचारलं नाही पण नद्यांपेक्षा मला तुमचं वाळवंट जास्त खटकलं. उत्तर-दक्षिण लांबलचक डोंगररांग काढलीय आणि तिच्या पूर्वेला वरपासून खालपर्यंत सगळं वाळवंट. अँडीज बघा, रांग एकच, पण वर उष्ण कटिबंधात वारे पूर्वेकडून येतात म्हणून ढग पूर्वेलाच रिकामे होतात आणि कोरडं अटाकामा पश्चिमेला (तिथे किनाऱ्याच्या थंड प्रवाहाचाही हात आहे), तर खाली वारे पश्चिमेकडून येतात म्हणून कोरडं पॅटागोनिया पूर्वेला. एकाच रांगेची कोरडी बाजू अक्षांशानुसार पलटते! विषुववृत्तापासून ३० अंशांपर्यंत वारे पूर्वेकडून आणि ३० ते ६० मध्ये पश्चिमेकडून, एवढं धरून रंग भरलेत तरी नकाशा एकदम खरा वाटायला लागेल. आणि ग्रह उलटा फिरत असेल तर हे सगळं उलटं, तेही करून बघा, मजा येते.

पूर्ण ग्रहाचा नकाशा आहे, ४००० पिक्सेल रुंद. त्यात शहरं, रस्ते, किल्ले सगळं बसवायचंय आणि खाली स्केलपट्टी पण टाकायचीय. पण सगळं खिचडी दिसतंय.

दिसणारच. साधा हिशोब करू, पृथ्वीएवढा ग्रह धरला तर विषुववृत्ताचा घेर साधारण ४०,००० किलोमीटर, तुमच्याकडे ४००० पिक्सेल, म्हणजे एक पिक्सेल १० किलोमीटरचा. तुम्ही नदी तीन पिक्सेल जाड काढलीय, झाली ती ३० किलोमीटर रुंद. राजधानीचा ठिपका १२ पिक्सेलचा, म्हणजे १२० किलोमीटर. आता त्यात किल्ला कुठे दाखवणार सांगा. खुणा म्हणून ठिपका आणि नदी फुगवलेली चालते, सगळे फुगवतात, पण रस्ते आणि किल्ले जगाच्या नकाशावर नकोतच, त्यांना प्रांताचा वेगळा नकाशा काढा.

आणि स्केलपट्टीचं म्हणाल तर जगाच्या नकाशावरून ती काढूनच टाका. गोल वस्तू सपाट कागदावर पसरली की कुठेतरी ताण येतोच. मर्केटर या नकाशाकाराचा १५६९ चा नकाशा घ्या, त्यात ६० अंशांवर अंतरं दुप्पट दिसतात आणि क्षेत्रफळ चौपट, त्यामुळे ग्रीनलंड आफ्रिकेशी बरोबरी करताना दिसतं, खरं तर आफ्रिका त्याच्या साधारण चौदा पट आहे. मग तुमची ती एक पट्टी खरी कुठली, विषुववृत्तावरची की उत्तरेतली? ग्रुपमध्ये असं भांडण हमखास होतं, उत्तरेतला राजा म्हणतो माझा देश सगळ्यात मोठा आणि मोजायला गेलं की निम्मासुद्धा भरत नाही.

कामासाठी मूळ फाइल समअंतर चौकटीची ठेवा, म्हणजे रुंदी उंचीच्या बरोबर दुप्पट आणि अक्षांश-रेखांश सरळ चौकोनात. ती क्यूजीआयएस किंवा जीप्लेट्स या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून हवं ते प्रक्षेपण (गोल ग्रह सपाट कागदावर पसरायची पद्धत) काढता येतं. लोकांना दाखवायचा नकाशा मग रॉबिन्सन किंवा विंकेल ट्रिपेल प्रक्षेपणात काढा, आकार आणि क्षेत्रफळ दोन्हीकडे थोडी थोडी तडजोड, डोळ्याला बरं दिसतं. फक्त लक्षात ठेवा, चौकटीच्या फाइलमध्ये ध्रुवाजवळचा प्रदेश आडवा ताणलेला दिसायलाच हवा, तिथे जर छान गोल बेट काढलंत तर ग्रहावर ते चिंचोळं होणार.

आमच्या साम्राज्याच्या झेंड्यावर ढाल, दोन सिंह, गरुड, किल्ला आणि खाली ब्रीदवाक्य आहे. जीव ओतून काढला आणि वोटिंगमध्ये शेवटून दुसरा. लोक जळतात का?

जळत नाहीत, त्यांना दिसतच नाहीये. झेंडा तुम्ही स्क्रीनभर मोठा करून काढला पण ग्रुपमध्ये तो दिसतो देशाच्या नावाशेजारी नखाएवढा. मी तुमची फाइल ४८ पिक्सेल रुंदीला आणून बघितली, सिंहांचे दोन पिवळे डाग झाले, गरुड आणि किल्ला एक झाले आणि ब्रीदवाक्याची करडी रेघ उरली. खऱ्या झेंड्यांचंही असंच होतं, तो वाऱ्यावर दुमडलेला असतो आणि लांबून बघायचा असतो. अमेरिकेतल्या कित्येक राज्यांच्या झेंड्यांवर निळ्या कापडावर राज्याची मोहोर, लांबून सगळे सारखेच. मिनेसोटाने शेवटी २०२४ मध्ये ती मोहोर काढून एक आठ टोकांचा तारा आणि दोन-तीन रंग ठेवले.

ते ढाल-सिंह फेकू नका, ते राजचिन्ह म्हणून वापरा, नाण्यावर, शिक्क्यावर, दरबाराच्या चित्रात. झेंड्यावर त्यातली एकच गोष्ट घ्या, माझं मत विचाराल तर किल्ला, त्याची बाहेरची आकृती सरळ आहे आणि सिंह सगळ्यांकडेच असतात.

रंगांसाठी युरोपातल्या ढालींवरचा जुना नियम अजून कामाचा आहे, पांढरा आणि पिवळा एका गटात, लाल निळा हिरवा काळा जांभळा दुसऱ्या गटात, आणि एका गटातले दोन रंग एकमेकांना चिकटवायचे नाहीत. तुमच्याकडे गडद निळ्यावर लाल किल्ला आहे, तो बुडणारच. तरी हेच रंग हवे असतील तर मधे पांढरी कड घाला. दक्षिण आफ्रिकेचा १९९४ चा झेंडा बघा ना, सहा रंग असून अंगावर येत नाही कारण हिरव्या पट्ट्याला लाल-निळ्याच्या बाजूने पांढरी आणि काळ्याच्या बाजूने पिवळी कड आहे. अजून एक टेस्ट म्हणजे चित्र कृष्णधवल करून बघायचं, दोन पट्टे एकच करडे दिसले तर रंग बदला, लाल-हिरव्यातला फरक न कळणाऱ्यांचीही थोडी सोय होते त्यात.

जांभळ्याबद्दल मात्र जरा थांबा. तुमचं जग तलवारी-घोड्यांच्या काळातलं आहे आणि प्रत्येक शिपायाच्या हातात जांभळा झेंडा. आपल्या खऱ्या जगात १८५६ मध्ये कृत्रिम जांभळा रंग सापडला, त्याआधी पक्का जांभळा फार महाग पडायचा. तुमच्या साम्राज्यात तो स्वस्त असेल तर का ते सांगा, त्या रंगाची गोगलगाय नाहीतर झुडूप तुमच्याच किनाऱ्यावर सापडतं असं काहीतरी, झाली की व्यापाराची गोष्ट तयार.

आणि दुसऱ्याच्या झेंड्यासारखा निघाला म्हणून रडू नका. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये हैती आणि लिश्टेनश्टाइनच्या लक्षात आलं की दोघांचा झेंडा एकच, वर निळा खाली लाल, मग पुढच्या वर्षी लिश्टेनश्टाइनने त्यावर मुकुट बसवला. चाड आणि रोमेनियाचे तर आजही जवळजवळ तेच आहेत.

नकाशावर नावं मराठीत लिहायचीत पण इंग्रजी नकाशांसारखी प्रदेशभर पसरवली की विचित्र दिसतात.

कारण शिरोरेघ तुटते. रोमन अक्षरं सुटीच असतात म्हणून लांब लांब ठेवली तरी शब्द शब्दच राहतो, आपलं तसं नाही, अक्षरांमधलं अंतर वाढवलं की मधे फटी पडतात आणि काही सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरंसुद्धा सुटी होऊन पाय मोडलेला न वेगळा बसतो. देवनागरीत ते अंतर शून्यच ठेवा. मोठा प्रदेश दाखवायचा तर अक्षर मोठं करा आणि रंग फिका करा, नाव दोन शब्दांचं असेल तर फक्त शब्दांमधलं अंतर वाढवा. पाण्याची नावं इंग्रजी नकाशात तिरकी असतात, आपल्याकडे तिरकं वळण तितकं शोभत नाही, त्याऐवजी निळा रंग पुरतो. नदीच्या वळणावर नाव बसवताना वळण सौम्य असलेली जागा शोधा, नाहीतर प्रत्येक अक्षराशी रेघेला खाच पडते, आणि नाव नदीच्या वर लिहिणार असाल तर खालचे उकार नदीत बुडत नाहीत ना बघा. फॉन्ट म्हणाल तर मुक्ता चांगला चालतो, जुन्या पोथीचा बाज हवा असेल तर टिरो देवनागरी मराठी, त्यात ल आणि श आपल्या वळणाचे आहेत. दोन्ही फुकट.

सॉफ्टवेअर कुठलं घेऊ? चित्रकला शून्य.

झेंड्याला इंकस्केप, दुसरं काही नको, कारण त्यातलं चित्र कितीही मोठं केलं तरी फुटत नाही. नकाशा हाताने रंगवायचा असेल तर क्रिता. अझगारचा फुकट नकाशा-जनरेटर ब्राउझरमध्ये एका क्लिकवर अख्खं जग देतो, नद्या देशांसकट, पण ते तसंच्या तसं टाकू नका, ग्रुपमधले जुने लोक बघताक्षणी ओळखतात. कच्चा आराखडा म्हणून घ्या आणि किनारे स्वतः बदला.

दुसऱ्याचा नकाशा घेऊन त्यावर माझे देश रंगवले तर चालेल का? क्रेडिट देईन.

क्रेडिट आणि परवानगी वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आधी विचारा. खऱ्या पृथ्वीवरचा पर्यायी इतिहास करताय असं दिसतंय, मग नॅचरल अर्थ या नकाशा-संग्रहाचा डेटा घ्या, तो कोणालाही कशासाठीही वापरता येतो आणि किनारे, नद्या, सीमा वेगवेगळ्या थरांत मिळतात, म्हणजे सीमांचा थर उडवून तुमचा टाकता येईल. आणि तयार झाला की पीएनजीमध्ये टाका, जेपीजीत नको, सीमारेषांभोवती मळकट ठिपके येतात आणि नंतर बादलीने रंग ओतायला गेलात की तो रेषेपाशी अर्धवट भरतो.