आईबाबांना घेऊन आरव्हीने, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीने, अमेरिकेतल्या यलोस्टोन नॅशनल पार्कला जातोय. मालिका-सिनेमे बघायला कॅम्पग्राउंडचं वायफाय पुरेल की स्टारलिंकचं सॅटेलाइट इंटरनेट घ्यावं?

वायफाय पुरणार नाही. संध्याकाळी जेवणं उरकली की सगळ्या गाड्यांमध्ये एकदमच काहीतरी लावलं जातं आणि पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहतं. ते वायफाय ईमेल बघण्यापुरतं धरा.

स्टारलिंकचं सांगते, पण आधी इथे ज्यांनी "निसर्ग बघायला जाता की टीव्ही?" असं उत्तर दिलंय त्यांच्याशी बोलायचंय. हेच वाक्य मी आमच्या घरात ऐकलंय.

2024 चा जून. सासूसासरे सांगलीहून आले होते. आम्ही भाड्याच्या आरव्हीत, धाकटे दीर-जाऊ आणि मुलं त्यांच्या गाडीने. 29 तारखेला बार्बाडोसला टी-20 विश्वचषकाची फायनल, समोर दक्षिण आफ्रिका. सांगलीत रात्रीचे आठ म्हणजे आमच्याकडे सकाळचे साडेआठ. मुक्काम पार्कच्या पश्चिम दाराशी, वेस्ट यलोस्टोन गावात. भाऊजींनी आदल्या रात्रीच जाहीर केलं की साडेसातला निघायचं, कारण ग्रँड प्रिझमॅटिक या गरम पाण्याच्या रंगीत झऱ्याला उशिरा गेलं की पार्किंग मिळत नाही. ते खरंच आहे. पण मॅचचं नाव काढल्यावर म्हणाले, "एवढे डॉलर मोजून इथे आलोय, मॅचचे हायलाइट्स नंतर बघता येतील."

बाबा गप्प बसले. मी नाही बसले. त्यांनी ओल्ड फेथफुलचं उसळणारं गरम पाण्याचं कारंजं बघितलं होतं, हेडन व्हॅलीत बायसन रस्ता अडवून उभे होते तेव्हा तासभर कौतुकाने बघत बसले होते, दुखऱ्या गुडघ्यांनी लाकडी पायवाटा चालले होते. त्यांना एक सकाळ त्यांच्या मनासारखी हवी होती. शेवटी भाऊजी मुलांना घेऊन गेले आणि आम्ही तिघं थांबलो.

कॅम्पग्राउंडच्या पाटीवर वायफायचं मोठं कौतुक होतं, पण टॉससुद्धा धड दिसेना. मग माझा फोन खिडकीच्या काचेला टेकवून हॉटस्पॉट लावला, क्वालिटी 480 वर आणली आणि विलो हे क्रिकेट दाखवणारं अॅप सुरू झालं. सगळ्यांचं व्हॉट्सअॅप बंद करायला लावलं, कारण स्ट्रीमिंग मागे असतं आणि सांगलीचा ग्रुप विकेट आधीच फोडतो. आफ्रिकेला तीस चेंडूंत तीस हवे होते तेव्हा सासूबाई उठून आत जाऊन बसल्या. सूर्यकुमारने सीमारेषेवर मिलरचा कॅच घेतला तेव्हा बाबांनी माझा हात धरला, तो मॅच संपेपर्यंत सोडला नाही. भाऊजी आजही म्हणतात की ती सकाळ वाया गेली. मला ते अजिबात मान्य नाही. ज्याला डोंगर चढवत नाही त्याला दिवसभर खिडकीशी बसवायचं आणि वर टीव्हीही लावू द्यायचा नाही, याला मी निसर्गप्रेम म्हणत नाही.

आता तुमचं. फक्त मालिका-सिनेमे बघायचे असतील तर स्टारलिंक घेऊ नका. घरच्या वायफायवर टॅबलेटमध्ये भाग उतरवून घ्या आणि टीव्हीला जोडायला एचडीएमआय केबल न्या. काही अॅप केबलवरून चित्र दाखवत नाहीत, म्हणून घरीच लावून बघा. भारतातल्या सबस्क्रिप्शनवर तिकडचं सगळं इथे दिसेलच असं नाही, तेही निघण्याआधी तपासा. हॉटस्पॉटवर भिस्त ठेवू नका. नेटफ्लिक्स एचडीत तासाला साधारण 3 जीबी खातं, आणि 'अनलिमिटेड' प्लॅनमध्येही हॉटस्पॉटचा कोटा बहुधा वेगळा असतो. शिवाय पार्कच्या बऱ्याच भागात फोनला रेंजच नाही.

लाइव्ह काही बघायचं असेल तर मात्र घ्या, स्टारलिंकचा प्रवासासाठीचा 'रोम' प्लॅन महिन्यापुरता घेता येतो. डिश टपावर न बसवता लांब केबलने जमिनीवर ठेवा, म्हणजे गाडी सावलीत आणि डिश उघड्यावर राहते. पाइनच्या दाट झाडीत ती सारखी तुटते, त्यामुळे जागा निवडताना आकाश मोकळं आहे ना ते बघा.

एक राहिलंच. पार्कच्या आत गाडीला वीज-पाणी जोडायची सोय (हुकअप) फक्त फिशिंग ब्रिजच्या कॅम्पग्राउंडला आहे आणि तिथलं बुकिंग फार लवकर भरतं. बाकी ठिकाणी सगळं बॅटरीवर, आणि जिथे जनरेटर चालतो तिथेही तो रात्री आठला बंद करावा लागतो. तेव्हा आईंची रात्रीची मालिका टॅबलेटवरच ठेवा आणि टॅबलेट दिवसा गाडी चालू असताना चार्ज करून घ्या.