मोठ्या झाडाखालच्या सावलीत वर्षभर टिकणारं, दुरंगी पानांचं काय लावावं?

हवामान थंड असेल तर पांढऱ्या कडेच्या पानांचं पॅकिसँड्रा हे जमीन झाकणारं बुटकं झाड लावा. उंची जेमतेम २०-२५ सेंमी. जमिनीखालच्या खोडांनी पसरतं आणि पानं झडत नाहीत. उष्ण हवेत मात्र ते तग धरणार नाही. तिथे पट्टेरी पानांचं, गवतासारखं दिसणारं लिरिओपी बरं.

पॅकिसँड्राच्या पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, त्यामुळे साध्या हिरव्या जातीपेक्षा ते हळू वाढतं. म्हणून रोपं जरा जवळ लावा, १५-२० सेंमीवर, नाहीतर मधल्या जागेत तण माजतं. मातीत भरपूर पानखत मिसळा. झाडाची मुळं पाणी ओढून घेतात, तेव्हा पहिलं वर्षभर पाणी नियमित द्या, पण साचू देऊ नका. थेट उन्हात पानं पिवळी पडतात, कडा करपतात.

एक गोष्ट मात्र आवर्जून करा. अधूनमधून खाली वाकून बघा: एखादा फुटवा पूर्ण हिरवा, जरा जोमदार दिसेल. त्याच्यावर जीव जडवू नका, बुडापासून काढा. तो ठेवलात तर दुरंगी फांद्यांना मागे टाकून हळूहळू सगळा वाफा हिरवा करतो.