जुन्या दुनळीवर घरच्या घरी डबल रायफल बनवता येते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात आजोबांची बारा बोअरची इंग्लिश दुनळी आहे, तुम्ही स्वतः लेथवर काम करता, आणि अमेरिकेत काही लोक अशाच शॉटगनच्या (छऱ्यांच्या बंदुकीच्या) अॅक्शनवर, म्हणजे नळ्या बसतात त्या मागच्या पोलादी सांगाड्यावर, नव्या नळ्या बसवून घरी डबल रायफल, म्हणजे आत पीळदार चर असलेल्या दोन नळ्यांची रायफल, तयार करतात असं तुमच्या वाचनात आलं. ते खरं आहे का, आणि आपल्याला जमेल का?

खरं आहे. मी ते डोळ्यांनी पाहिलंय. पण आधी भारतापुरतं उत्तर देतो, कारण ते फार लहान आहे: हात लावू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक बनवणं तर सोडाच, तिच्यात बदल करणं, ती दुरुस्त करणं किंवा चाचणी घेणंही गुन्हा आहे. तुमच्याकडचा परवाना बंदूक बाळगण्याचा असतो, ती बदलण्याचा नसतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. आणि आजोबा हयात नसतील व परवाना अजून त्यांच्याच नावावर असेल, तर आधी ती बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि वारस म्हणून अर्ज करा. हे काम या आठवड्यातच करा.

आता दुसरा भाग, ज्याबद्दल लिहायला मला मनापासून आवडतं.

मी भोसरीच्या एका टूलरूममध्ये बावीस वर्षं काढली आणि मग कामानिमित्त पेनसिल्व्हेनियात आलो. इथे शेजारी एक निवृत्त मशिनिस्ट राहतात, वय सत्तरीच्या पुढे. स्वतःच्या वापरासाठी रायफल बनवायला अमेरिकेच्या १९६८ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे वेगळा परवाना लागत नाही, विकायची मात्र नाही. राज्याराज्यांचे नियम निराळे. त्यांनी जुन्या बॉक्सलॉक (घोडा-चापाची यंत्रणा अॅक्शनच्या आतच बसवलेल्या) दुनळीच्या अॅक्शनवर ४५-७० या जुन्या अमेरिकन काडतुसाची डबल रायफल केली. मला मोजमापाची हौस, म्हणून ते मला हाताशी घ्यायचे. दोन हिवाळे आणि मधला एक उन्हाळा त्यात गेला. धातूकाम पहिल्या हिवाळ्यातच उरकलं होतं. उरलेला सगळा वेळ दोन नळ्यांना एका ठिकाणी मारायला लावण्यात गेला.

इथेच बहुतेकांचा समज चुकतो. आपल्याला वाटतं, दोन नळ्या एकमेकींना समांतर जोडल्या की दोन्ही गोळ्या शेजारी शेजारी लागतील. तशा लागत नाहीत. उजव्या नळीतून बार निघतो तेव्हा धक्का बंदुकीच्या मध्यरेषेवर बसत नाही, मध्याच्या उजवीकडे बसतो. त्यामुळे गोळी अजून नळीतच असताना बंदूक वर उचलली जाते आणि उजवीकडे वळते. डाव्या नळीचं याच्या उलट. हा सगळा खेळ सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास संपतो, पण तेवढ्यात तोंडाची दिशा बदललेली असते. म्हणून डबल रायफलच्या नळ्या मुद्दाम पुढे एकमेकींकडे झुकवतात. झुकाव बरोबर असेल तर बंदूक जितकी बाहेर वळते तितकाच तो आत खेचतो आणि दोन्ही गोळ्या एका जागी जातात. इंग्रज कारागीर याला रेग्युलेट करणं म्हणतात.

किती बारीक काम आहे ते टूलरूमच्या भाषेत सांगतो. नळी पंचवीस इंचांची धरा आणि निशाण शंभर यार्डांवर, म्हणजे ३६०० इंचांवर. गुणोत्तर १४४ चं. नळीचं तोंड एक थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, सरकलं की निशाणावर साडेतीन मिलिमीटरहून जास्त फरक. वर्तमानपत्राचा कागद अडीच-तीन थाऊ जाड असतो. तेवढं सरकलं तर सेंटिमीटरभर. आणि हे मोजून आधी ठरवता येत नाही. दस्त्याचा आकार, बंदुकीचं वजन, तोल कुठे आहे, धरणारा कसा धरतो, सगळं त्यात येतं. म्हणून एकच मार्ग: मारा, बघा, तोंडाजवळचा कथलाचा डाख गरम करून सोडवा, मधली पाचर केसभर हलवा, पुन्हा डाख द्या, थंड होऊ द्या, पुन्हा मारा.

आमच्या पहिल्या दिवशी पन्नास यार्डांवर दोन नळ्यांच्या भोकांत पाच इंचांचं अंतर होतं. शिवाय उजव्या नळीची भोकं डावीकडे आणि डावीची उजवीकडे. गोळ्या वाटेत एकमेकींना ओलांडून जात होत्या, म्हणजे झुकाव जास्त झाला होता. त्या संध्याकाळी ते डाख सोडवताना मी पाहत होतो. कथील एकदम वितळत नाही. आधी त्याची चकाकी जाते, मग पृष्ठभाग थरथरतो, आणि मग अचानक पाऱ्यासारखा लखलखतो. त्या लखलखण्याच्या दोन-तीन सेकंदांत पाचर हलली पाहिजे. त्यांचा हात जाडजूड, बोटं सुजलेली, पण त्या क्षणी मनगट दगडासारखं स्थिर. असं अकरा वेळा झालं. अकराव्या खेपेला पन्नास यार्डांवरची चारही भोकं माझ्या तळहाताखाली झाकली गेली.

मग डिसेंबर आला. कडाक्याच्या थंडीत आम्ही तीच रायफल, तेच काडतूस घेऊन गेलो आणि दोन्ही नळ्यांच्या गोळ्या इंचभर फाकल्या. मी चक्रावलो. ते म्हणाले, दारू थंड आहे, गोळीचा वेग उतरला. गोळी नळीत जरा जास्त वेळ राहिली, बंदूक जरा जास्त वळली. म्हणजे डबल रायफल नुसत्या एका काडतुसासाठी जुळवलेली असते एवढंच नाही, ती एका वेगासाठी जुळवलेली असते. गोळीचं वजन बदला, दुसऱ्या कंपनीचं काडतूस घाला, की केलेलं सगळं फिसकटतं.

हेच कोडं शंभर वर्षांपूर्वी आपल्या देशामुळे इंग्रज कारखानदारांपुढे आलं होतं, फक्त उलट्या बाजूने. कॉर्डाइट नावाची त्या काळची दारू उन्हात तापली की दाब वाढायचा. इंग्लंडच्या गारव्यात जुळवलेली रायफल मे महिन्यातल्या मध्य प्रांतात निराळी वागायची. म्हणून उष्ण देशांसाठी कॉर्डाइट कमी भरलेली वेगळी काडतुसं निघाली.

भारताचा आणखी एक ठसा या विषयावर आहे. जॉन रिग्बी कंपनीने १८९८ मध्ये ४५० नायट्रो एक्सप्रेस आणलं आणि मोठ्या शिकारीचं ते नेहमीचं काडतूस झालं. पण ब्रिटिश सरकारने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ४५० बोअर (०.४५० इंच व्यासाची नळी) भारतात आणायला बंदी घातली, कारण फौजेच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलीही त्याच बोअरच्या होत्या, आणि त्या गोळ्या बंडखोरांच्या हाती पडतील ही भीती होती. मग प्रत्येक कारखान्याने बंदी चुकवायला जरासा जाड बोअर काढला. हॉलंड अँड हॉलंडचं ४६५, जोसेफ लँगचं ४७०, शिवाय ४७५ आणि ४७६ अशी भावंडं जन्मली. आज आफ्रिकेत सगळीकडे जे ४७० ओळखलं जातं, त्याच्या आकड्यामागे भारतातली ती बंदी आहे. कोल्हापूरला न्यू पॅलेसमधल्या संग्रहालयात भुसा भरलेले वाघ आणि शस्त्रं बघत मी लहानपणी तास घालवले. त्या काळी यातलं काही माहीत असतं तर निराळ्या नजरेने पाहिलं असतं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ती शिकार संपली, आणि ते योग्यच झालं.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येतो: शॉटगनची अॅक्शन रायफलचा भार सोसेल का? बारा बोअरच्या साध्या काडतुसात एक पूर्णांक एक अष्टमांश औंस छरे असतात, साधारण ३२ ग्रॅम. ४७० ची गोळी ५०० ग्रेनची, तीही जवळपास ३२ ग्रॅमच. वजन तेच. पण छरे सेकंदाला ३६५ मीटरच्या आसपास जातात आणि ती गोळी ६५५ मीटरने. ऊर्जा तिपटीहून जास्त. बारा बोअरचा कमाल दाब ११,५०० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), ४७० चा ३९,००० च्या घरात. काडतुसाचा घेर लहान असल्यामुळे मागच्या भिंतीवरचा भार त्याच प्रमाणात वाढत नाही, तरी जवळपास दुप्पट होतोच. ४५-७० चा दाब २८,००० आणि घेर आणखी लहान, त्यामुळे मागचा भार बारा बोअरच्याच आसपास राहतो. शेजाऱ्यांनी ४५-७० का निवडलं ते यावरून कळेल.

पण हा हिशेब कागदावरचा आहे आणि तो वाचून कुणी धीर करू नये. दुनळीची अॅक्शन इंग्रजी एल अक्षरासारखी असते. खालचा दांडा आडवा, मागची भिंत उभी. प्रत्येक बाराला भिंत मागे झुकू पाहते आणि सगळा ताण त्या कोपऱ्यात गोळा होतो. कोपऱ्यातला पोलादाचा दर्जा, उष्णता-उपचार, पन्नास वर्षांत पडलेली बारीक भेग, यातलं काहीही वरून दिसत नाही. भेग एका बारात फुटत नाही, ती वाढत जाते. आणि तुमचा गाल त्या भिंतीपासून वीतभर अंतरावर असतो. शेजाऱ्यांनी चार अॅक्शन तपासून तीन बाजूला ठेवल्या. चौथीचेही पहिले बार लांबून दोरी ओढून केले, खांद्याला लावून नव्हे. चाळीस वर्षांच्या हातातलं शहाणपण होतं ते, आणि तरी ते म्हणायचे की इंग्लंडमध्ये असतो तर ही प्रूफ हाउसमधून पास करून घेतली असती. लंडनच्या गनमेकर्स कंपनीला १६३७ पासून सनद आहे, बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३ च्या कायद्याने उभं राहिलं. तिथे नळ्यांना मुद्दाम जादा दाबाचं काडतूस देऊन पारखतात. तिथे नळीत मोठा फेरबदल केला की ती पुन्हा पारखून घ्यावी लागते. अमेरिकेत अशी सक्ती नाही, आणि मला ती मोठी उणीव वाटते.

वजनाचंही एक आहे. बारा बोअरची दुनळी तीन किलोची, ४७० ची खरी डबल रायफल साडेचार ते पाच किलोची. ते वजन शोभेचं नसतं. कोपऱ्यातलं जास्तीचं पोलाद आणि धक्का गिळणारा भार म्हणून असतं. बॉक्सलॉकची जी रचना आज सगळीकडे दिसते ती वेस्टली रिचर्ड्स कंपनीच्या अँसन आणि डीली यांची, १८७५ ची. त्याच रचनेवर पाखरं मारायच्या हलक्या बंदुकाही झाल्या आणि हत्तीच्या रायफलीही. नाव एक, पण आतलं पोलाद सारखं नाही.

एकाच दुनळीने छरे आणि गोळी दोन्ही मारावं ही इच्छा मात्र जुनी आहे आणि तिचं फार सुंदर उत्तर एका भारतातल्याच फौजी अधिकाऱ्याने दिलं. कर्नल जॉर्ज फॉस्बरी, १८६३ च्या अंबेला मोहिमेतले व्हिक्टोरिया क्रॉस विजेते. १८८५ मध्ये त्यांनी पेटंट घेतलं: नळी पूर्ण गुळगुळीत, फक्त तोंडाजवळच्या शेवटच्या दोनेक इंचांत पीळदार चर. हॉलंड अँड हॉलंडने ती पॅराडॉक्स नावाने विकली. बारा बोअरची, वजनाला शॉटगनच्या जवळपास, छरे मारते आणि दीड औंसाहून जड गोळीही शंभर यार्डांपर्यंत नेमकी टाकते. दाब कमी ठेवला, गोळी जड ठेवली. शॉटगनच्या अंगाला जेवढं झेपेल तेवढंच तिच्याकडून मागितलं. मला या सगळ्या प्रकारात ही बंदूक सर्वांत जास्त आवडते.

शेवटी तुमच्या आजोबांच्या दुनळीबद्दल. कागदपत्रं नीट झाली की परवानाधारक बंदूकवाल्याकडून नळ्या उतरवून घ्या आणि खालच्या सपाट भागावरचे शिक्के भिंगातून बघा. मुकुटाखाली बी आणि पी दिसलं तर ती बर्मिंगहॅमला पारखलेली, १९०४ नंतरची. आणि इंग्रजीत 'नॉट फॉर बॉल' अशी अक्षरं दिसली, तर ती १८७५ ते १८८७ च्या दरम्यान पारखलेली, तोंड आवळलेली नळी आहे. छऱ्यांऐवजी एकसंध गोळी मारायला ही नळी वापरू नका, असं त्या पोलादावरच कोरून ठेवलंय.